बिघाड अकराव्या गुणसूत्रावर, कात्री दुसऱ्यावर: डीएनएची घडी आणि जनुकांचं चालू-बंद

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर जनुकीय उपचार निघाला ही बातमी आली, तेव्हा विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात ज्यांच्या घरी 'एसएस' रिपोर्टचं, म्हणजे आई-वडील दोघांकडूनही दोष आलेलं, माणूस आहे त्यांचे कान टवकारले गेले. १६ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रिटनने आणि पाठोपाठ ८ डिसेंबरला अमेरिकेने 'कॅसजेव्ही' या उपचाराला मान्यता दिली. क्रिस्पर ही जनुकीय कात्री वापरणारा हा जगातला पहिला मंजूर उपचार. चाचणीत ज्या ३१ रुग्णांवर पुरेसा काळ लक्ष ठेवता आलं, त्यांपैकी २९ जणांना सलग किमान वर्षभर तीव्र वेदनांचा एकही झटका आला नाही.

बातमी नीट वाचली की एका गोष्टीपाशी मात्र अडायला होतं. सिकलसेलचा दोष असतो अकराव्या गुणसूत्रावर, हिमोग्लोबिनच्या जनुकात. डीएनएच्या मजकुरात 'ए' असायला हवा तिथे 'टी' असतो. एवढ्या एका अक्षराने हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांच्या कांड्या बनतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. साहजिकच वाटतं की कात्रीने ते अक्षर दुरुस्त केलं असणार. प्रत्यक्षात त्या जनुकाला हातही लागत नाही. कात्री चालते क्रमांक दोनच्या गुणसूत्रावर, आणि तिथेही अशा तुकड्यावर ज्यात कुठल्याही प्रथिनाची कृती लिहिलेली नाही. चुकीचं अक्षर होतं तिथेच राहतं आणि रुग्णाचे झटके थांबतात.

हे कसं घडतं ते कळायला डीएनए पेशीत कसा ठेवलेला असतो ते पाहावं लागतं. जनुक कोणतं, याइतकंच ते घडीत कोणाशेजारी येतं यालाही महत्त्व आहे. गेल्या पंचवीसेक वर्षांत जीवशास्त्राला लागलेल्या मोठ्या शोधांपैकी हा एक आहे असं मला मनापासून वाटतं, आणि मराठीत त्याच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं आहे.

दोन मीटर धागा, सहा मायक्रॉनची जागा

पेशीच्या आत केंद्रक नावाची एक गोलसर पिशवी असते आणि डीएनए तिच्यात राहतो. माणसात तो ४६ तुकड्यांत विभागलेला असतो. एक तुकडा म्हणजे एक गुणसूत्र. २३ आईकडून आलेली, २३ वडिलांकडून. ही सगळी गुणसूत्रं सरळ करून एकापुढे एक मांडली तर लांबी भरते जवळजवळ २ मीटर. केंद्रकाचा व्यास मात्र ६ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी.

या धाग्यावर ए, टी, जी, सी या चारच अक्षरांत मजकूर असतो. एका पालकाकडून आलेल्या संचात सुमारे ३ अब्ज अक्षरं. त्यातले काही पट्टे म्हणजे जनुकं. कुठलं प्रथिन कसं बनवायचं याची कृती त्यांच्यात असते. प्रथिनं बनवणारी जनुकं साधारण २० हजार आहेत आणि त्यांतला प्रत्यक्ष कृतीचा मजकूर एकूण अक्षरांच्या २ टक्केही भरत नाही. बाकीचा डीएनए बरीच वर्षं 'रद्दी' म्हणून ओळखला जायचा. त्या तथाकथित रद्दीतच आजच्या गोष्टीचा बराचसा भाग आहे.

शाळेच्या पुस्तकात गुणसूत्र इंग्रजी 'एक्स' अक्षरासारखं दाखवतात. तसा आकार त्याला फक्त पेशी दुभंगण्याच्या वेळी येतो. एरवी, म्हणजे पेशी आपलं रोजचं काम करत असते तेव्हा, गुणसूत्र सैलसर पसरलेलं असतं. हे पसरणं वरवर बघताना गुंता वाटतं, पण त्यात शिस्त आहे.

शिस्तीची पहिली पायरी म्हणजे गुंडाळी. हिस्टोन नावाची आठ प्रथिनं मिळून एक गोळी बनते आणि डीएनएची १४७ अक्षरं तिच्याभोवती जेमतेम पावणेदोन वेढे घेतात. मग थोडा मोकळा धागा, मग पुढची गोळी. ही रचना रॉजर कोर्नबर्ग यांनी १९७४ मध्ये मांडली. गोळ्या दाटीवाटीने बसल्या की जनुकाची नक्कल काढणारी यंत्रणा तिथे पोचत नाही आणि जनुक बंद राहतं. गोळ्या विरळ झाल्या की वाट मोकळी होते. यकृताच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत डीएनएचा मजकूर एकच असतो. फरक पडतो तो कुठली जनुकं वाचली जातात त्याने.

निऱ्यांनी जवळ आलेल्या खुणा

पण एखादं जनुक नुसतं मोकळं असून भागत नाही. त्याला जोरात चालू करायला मदत लागते, आणि ती मदत बरेचदा लांबून येते. डीएनएवर जागोजागी काही छोटे तुकडे असतात. त्यांच्यात कुठल्याही प्रथिनाची कृती नसते, पण ठरावीक प्रथिनं त्यांच्यावर येऊन बसतात, आणि तो तुकडा जनुकाच्या सुरुवातीजवळ आला की जनुकाचं वाचन एकदम वाढतं. अशा तुकड्याला एन्हान्सर म्हणतात. अडचण अशी की एन्हान्सर आपल्या जनुकापासून हजारो, कधी लाखो अक्षरं दूर असू शकतो. मग तो जवळ येतो कसा?

एक नऊवारी जमिनीवर पसरा आणि तिच्या काठावर हातभर अंतरावर खडूने दोन खुणा करा. साडी पसरलेली आहे तोवर त्या खुणांत हातभर अंतर राहणार. निऱ्या घातल्या की त्याच खुणा एकमेकींवर टेकतात आणि मधलं कापड बाजूला लोंबतं. डीएनएत हेच होतं. मधला लाखभर अक्षरांचा धागा निरीसारखा बाजूला जातो आणि एन्हान्सर थेट जनुकाला भिडतो. यकृताची पेशी निऱ्या एका तऱ्हेने घालते, मेंदूची दुसऱ्या, कापड तेच.

हिमोग्लोबिनचं उदाहरण घेऊ, म्हणजे अडलेली गोष्टही सुटेल. अकराव्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनची जनुकं एका ओळीत आहेत. आधी गर्भातल्या बाळाची, त्यानंतर मोठ्या माणसाची. या ओळीच्या अलीकडे एन्हान्सरांचा एक जबरदस्त गट आहे. बाळ पोटात असतं तेव्हा हा गट गर्भावस्थेतल्या जनुकांना भिडलेला असतो. त्यांच्यापासून बनणारं हिमोग्लोबिन ऑक्सिजन अधिक घट्ट धरतं, म्हणून बाळाला आईच्या रक्तातून तो ओढून घेता येतो. जन्मानंतर काही महिन्यांत निरी सरकते आणि तोच गट सुमारे ५० हजार अक्षरं पुढे असलेल्या मोठ्यांच्या जनुकाला भिडतो. २००२ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी उंदरात दाखवून दिलं की रक्त बनवणाऱ्या पेशींत ही गाठभेट होते आणि त्याच उंदराच्या मेंदूच्या पेशींत तो धागा सरळच असतो.

सिकलसेलचं बाळ पहिले काही महिने ठणठणीत का असतं, याचं उत्तर इथेच आहे. दोष मोठ्यांच्या जनुकात असतो आणि ते अजून पूर्ण चालू झालेलं नसतं. निरी सरकली की त्रास सुरू होतो.

ती सरकवण्यामागे बीसीएल-११-ए नावाचं एक प्रथिन असतं. त्याचं स्वतःचं जनुक क्रमांक दोनच्या गुणसूत्रावर आहे. हे प्रथिन गर्भावस्थेतल्या जनुकांपाशी येऊन बसतं, त्यांना गप्प करतं, आणि एन्हान्सरांचा गट नाइलाजाने पुढे जातो. २००८ मध्ये बोस्टनमध्ये स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेने हे उलगडलं. मग प्रश्न आला की हे प्रथिनच काढून टाकलं तर? गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन परत सुरू होईल, ते सिकल हिमोग्लोबिनच्या कांड्या बनू देत नाही, म्हणजे काम फत्ते. पण हे प्रथिन मेंदूच्या घडणीला लागतं आणि प्रतिकारशक्तीच्या काही पेशींनाही लागतं. ते सरसकट बंद करणं धोक्याचं.

तोड निघाली ती एन्हान्सरमधून. २०१३ मध्ये त्याच प्रयोगशाळेला दिसलं की लाल पेशी बनवणाऱ्या पेशी हे जनुक चालू करायला एक खास एन्हान्सर वापरतात. तो याच जनुकाच्या मधोमध, कृतीत न येणाऱ्या भागात आहे, आणि मेंदूला त्याची गरज पडत नाही. कात्री बरोबर तिथे चालते. रुग्णाच्या रक्ताच्या मूळपेशी बाहेर काढतात, त्यांच्यातला तो एन्हान्सर निकामी करतात, केमोथेरपी देऊन अस्थिमज्जेत जागा करतात आणि पेशी परत सोडतात. लाल पेशींच्या वंशात बीसीएल-११-ए पुरेसं बनत नाही आणि एन्हान्सरांचा गट पुन्हा गर्भावस्थेतल्या जनुकांकडे वळतो.

आपल्याकडच्या रुग्णांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. भारतात सिकलसेलचा जो प्रकार मुख्यतः आढळतो, त्यात अनेकांच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन मुळातच जास्त असतं. म्हणून काहींचा आजार आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा सौम्य राहतो. सगळ्यांचा नाही, एसएस असलेली कितीतरी मुलं हाडं-सांधे दुखून वारंवार दवाखान्यात भरती होतात. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठरली. गडचिरोलीच्या एखाद्या पाड्यावर या आकड्याला काही अर्थच उरत नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिच्यातली तपासणी, हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या आणि लग्नाआधीचं समुपदेशन हेच आज हाताशी आहे. हायड्रॉक्सियुरियाही गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवूनच बराचसा गुण देते. ती गोळी डॉक्टरांनी सांगितली असेल तर नियमित घ्यावी, हे इथे मुद्दाम लिहितो.

जवळ आल्यामुळे चालू, की चालू झाल्यामुळे जवळ?

चौकस वाचकाला ही शंका येणारच. एन्हान्सर आणि जनुक एकमेकांना भिडलेले दिसतात, पण कदाचित जनुक आधी चालू होत असेल आणि भिडणं हा त्याचा नुसता परिणाम असेल.

हे तपासायचा सरळ मार्ग म्हणजे मुद्दाम भिडवून बघणं. फिलाडेल्फियात गर्ड ब्लोबेल यांच्या गटाने ते केलं. त्यांनी असं एक प्रथिन घडवलं जे गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनच्या जनुकावर जाऊन बसेल आणि एन्हान्सरांच्या गटाला तिथे ओढून आणेल. मोठ्या माणसाच्या रक्तातून वाढवलेल्या पेशींत हे प्रथिन सोडलं तेव्हा वर्षानुवर्षं बंद असलेलं ते जनुक जागं झालं. हा प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. निदान या जनुकापुरतं तरी स्पष्ट झालं की आधी निरी, मग वाचन.

निऱ्या घालतं कोण, आणि त्या दिसल्या कशा?

कोहेसिन नावाचं एक कड्यासारखं प्रथिन असतं. ते डीएनएवर बसतं आणि धागा आपल्यातून ओढू लागतं. दोन्ही बाजूंनी धागा आत येत राहतो आणि वळसा मोठा होत जातो. ओढत ओढत ते सीटीसीएफ नावाच्या दुसऱ्या प्रथिनापाशी पोचलं की बहुतेक वेळा थबकतं. सीटीसीएफ ज्या अक्षरांवर बसतं त्यांना दिशा असते, आणि दोन्ही टोकांची सीटीसीएफ एकमेकांकडे तोंड करून असतील तर वळसा तिथे टिकतो.

ही कल्पना आधी कागदावर मांडली गेली होती. २०१८ मध्ये डेल्फ्टच्या प्रयोगशाळेत ती डोळ्यांसमोर घडताना दिसली. कोहेसिनचा चुलतभाऊ शोभेल असं कंडेन्सिन हे प्रथिन, दोन्ही टोकं बांधलेला एक डीएनएचा धागा आणि सूक्ष्मदर्शक. प्रथिनाने सेकंदाला दीड हजार अक्षरांपर्यंतच्या वेगाने धागा ओढून वळसा घातला. पुढच्याच वर्षी कोहेसिनही असंच करतं हे दिसलं.

पेशीतल्या सगळ्या गुणसूत्रांचा नकाशा काढण्याची युक्ती २००९ मध्ये आली. तत्त्व सोपं आहे. पेशीत फॉर्मलिनसारखं रसायन टाकून जे जिथे आहे ते तिथेच चिकटवून टाकायचं, मग डीएनएचे तुकडे करायचे, शेजारी पडलेली टोकं एकमेकांना जोडायची आणि जोडलेले तुकडे वाचून काढायचे. कुठलं अक्षर कुठल्या अक्षराशेजारी होतं ते लाखो जोड्यांतून कळतं. २०१२ मध्ये या नकाशांतून दिसलं की गुणसूत्र काही लाख ते दहा-पंधरा लाख अक्षरांच्या वस्त्यांमध्ये वाटलेलं असतं. एका वस्तीतला एन्हान्सर मुख्यतः त्याच वस्तीतल्या जनुकांना भिडतो. वस्तीच्या वेशीवर बहुधा सीटीसीएफ उभं असतं.

साडीची उपमा इथे तोकडी पडते, कारण निऱ्या एकदा खोचल्या की दिवसभर राहतात. डीएनएचे वळसे सतत बनतात आणि सुटतात. उंदराच्या मूळपेशींतल्या एका वळशावर २०२२ मध्ये पाळत ठेवली गेली, तेव्हा तो पुरत्या जुळलेल्या अवस्थेत दहा ते तीस मिनिटंच टिकतो असं आढळलं, आणि बहुतेक वेळ तो अर्धवटच असतो.

सहावं बोट

हाताला अंगठ्यापाशी जादा बोट असलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. कुणी ते भाग्याचं मानतं, कुणी लहानपणीच काढून टाकतं. जादा बोटाची कारणं अनेक आहेत, त्यातलं एक मात्र आपल्या विषयाचं अगदी चोख उदाहरण आहे.

गर्भात हाताचा कोंब फुटतो तेव्हा त्याच्या करंगळीकडच्या कडेला 'सॉनिक हेजहॉग' नावाचं जनुक चालू होतं. त्यातून बनणारं प्रथिन त्या कडेपासून पसरत जातं आणि त्याच्या कमी-जास्त प्रमाणावरून अंगठा कुठे, करंगळी कुठे हे ठरतं. हे जनुक हातात चालू करणारा एन्हान्सर आहे तब्बल १० लाख अक्षरं दूर. तोही एका परक्या जनुकाच्या पोटात, ज्याचा बोटांशी संबंध नाही. म्हणून सुरुवातीला संशोधक त्या परक्या जनुकावरच संशय घेत राहिले.

२००३ मध्ये एडिंबराच्या गटाने खरा प्रकार उघड केला. काही घराण्यांत पिढ्यानपिढ्या जादा अंगठा येत होता आणि त्यांच्या त्या दूरच्या एन्हान्सरमध्ये फक्त एक अक्षर बदललेलं होतं. त्या बदलामुळे जनुक कोंबाच्या अंगठ्याकडच्या बाजूलाही चालू होतं आणि तिथे जादा बोट फुटतं. जनुकाची कृती निर्दोष, प्रथिन निर्दोष. चुकली ती चालू होण्याची जागा.

सापांमध्ये हाच एन्हान्सर बिघडलेला आहे. २०१६ मध्ये उंदरांतला हा तुकडा काढून त्याजागी नागाचा आणि अजगराचा तुकडा बसवला, तर उंदरांचे पाय खुंटले. माशाचा तुकडा बसवला तेव्हा मात्र पाय नीट वाढले.

केंद्रकात कोण कुठे बसतं

वळशांच्या पलीकडे आणखी एक पातळी आहे. ४६ गुणसूत्रं केंद्रकात एकमेकांत मिसळून पडलेली नसतात, प्रत्येकाची आपापली जागा असते. हे अनुमान कार्ल राबल यांनी १८८५ मध्येच केलं होतं, पण नंतर ते मागे पडलं. जर्मनीतल्या थॉमस आणि ख्रिस्तोफ क्रेमर या भावांनी ते पुन्हा उभं केलं. त्यांनी लेसरने केंद्रकाच्या एका बारीकशा ठिपक्यावर इजा केली. गुणसूत्रं सगळीकडे पसरलेली असती तर थोडी थोडी इजा सगळ्यांनाच व्हायला हवी होती. झाली ती मोजक्या गुणसूत्रांना.

ही जागाही कशीही ठरत नाही. क्रमांक १९ च्या गुणसूत्रावर जनुकांची गर्दी आहे आणि ते केंद्रकाच्या मध्याकडे राहतं. क्रमांक १८ वर जनुकं कमी, ते कडेला असतं. केंद्रकाच्या आतल्या भिंतीला लॅमिन प्रथिनांचं अस्तर असतं आणि त्याला चिकटलेला डीएनए बहुतेक दाट घडीचा आणि गप्प असतो. स्त्रियांच्या पेशींत दोन एक्स गुणसूत्रं असतात, त्यांतलं एक जवळजवळ सगळं घडी घालून मिटवलेलं असतं. ती घडी सूक्ष्मदर्शकाखाली गडद ठिपक्यासारखी दिसते. १९४९ मध्ये मरे बार आणि त्यांचे विद्यार्थी इवार्ट बर्ट्राम यांना ती मांजराच्या चेतापेशींत दिसली, आणि तिचा अर्थ पुढे मेरी लायन यांनी १९६१ मध्ये लावला.

या व्यवस्थेला एक विलक्षण अपवाद आहे. उंदरासारख्या निशाचर प्राण्यांच्या डोळ्यांतल्या, अंधारात पाहणाऱ्या पेशींत सगळी दाट घडी केंद्रकाच्या मधोमध येते. २००९ मध्ये कळलं की त्यामुळे प्रत्येक केंद्रक बारीक भिंगासारखं काम करतं आणि अंधुक उजेड विखुरण्याऐवजी पुढे पोचतो. डीएनए इथे मजकूर म्हणून तर आहेच, शिवाय काच म्हणूनही वापरला आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थक्क झालो होतो आणि आजही होतो.

कोविडमध्ये वास गेला त्याचा धागाही इथे येतो. नाकातली वास घेणारी प्रत्येक चेतापेशी गंध ओळखणाऱ्या शेकडो जनुकांपैकी एकच निवडते, आणि त्यासाठी वेगवेगळ्या गुणसूत्रांवरचे एन्हान्सर केंद्रकात एका ठिकाणी गोळा होतात. विषाणू मुख्यतः या चेतापेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींत शिरतो. तरीही २०२२ मध्ये हॅमस्टरांत आणि मृत रुग्णांच्या नमुन्यांत दिसलं की चेतापेशींच्या केंद्रकातली ही जमवाजमव विस्कटली होती आणि गंधाची जनुकं मंदावली होती. वास जाण्याचं हे एक कारण असावं, असा संशोधकांचा कयास आहे.

मग घडी मोडली की सगळं कोसळतं का?

या विषयाच्या उत्साहात बरेच जण इथे घसरतात. २०१७ मध्ये माणसाच्या कर्करोगाच्या पेशींतून कोहेसिन झटपट काढून टाकण्यात आलं. वळसे गायब झाले. अपेक्षा होती की जनुकांचा बाजार उठेल, पण थोड्याच जनुकांच्या कामात मोठा फरक पडला. कोहेसिन परत येऊ दिलं तसे वळसेही परत आले. फळमाश्यांतही उलथापालथ झालेली गुणसूत्रं घेऊन पाहिलं, तर बहुतेक जनुकं बिनतक्रार चालू होती.

म्हणजे घडीला महत्त्व नाही असं होत नाही. जे जनुक आधीपासून चालू आहे ते काही तास वळशाशिवाय रेटून नेऊ शकतं. पेशीला नवा निर्णय घ्यायचा असतो तिथे वळसे जास्त लागतात, जसं गर्भात अवयव घडताना किंवा जंतुसंसर्गाला उत्तर देताना. कोहेसिनला डीएनएवर बसवणाऱ्या प्रथिनात दोष असला तर कॉर्नेलिया द लांग सिंड्रोम होतो. त्यात मुलाचा चेहरा, हात आणि बुद्धीची वाढ असं सगळंच बाधित होतं. म्हणून 'घडीच सगळं ठरवते' हे वाक्य मी लिहिणार नाही, आणि 'घडी ही नुसती साठवण आहे' हेही नाही.

आणखी एक प्रश्न हमखास येतो: विचारांनी, ध्यानाने आपण जनुकं उघडू-मिटू शकतो का? पेशी बाहेरचे संदेश ऐकते हे खरं आहे. संप्रेरकं, अन्न, संसर्ग यांनी जनुकांचं वाचन बदलतं. पण ठरावीक विचार केला की ठरावीक जनुकाची घडी उलगडते, या दाव्याला पुरावा नाही. असे दावे करून गरोदर बायकांना महागडी शिबिरं विकली जातात, याची मला चीड येते.

तुमच्या रिपोर्टमध्ये याचा संबंध कुठे येतो

आता दवाखान्यातल्या कागदांकडे येऊ. वारंवार गर्भपात होत असेल किंवा मूल व्यंग घेऊन जन्मलं असेल तर डॉक्टर जोडप्याला कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची चित्रतपासणी, सांगतात. तिच्यात कधी लिहून येतं की गुणसूत्राचा एक तुकडा सुटून उलटा बसला आहे. वाचून पायाखालची जमीन सरकते.

क्रमांक ९ च्या गुणसूत्राच्या मध्यबिंदूजवळचा तुकडा उलटा असणं शंभरात एक ते तीन माणसांत आढळतं आणि ते सर्वसाधारणपणे निरुपद्रवी मानलं जातं. तो भाग मुख्यतः पुनरावृत्ती असलेल्या, दाट घडीच्या डीएनएचा आहे. तिथे उलथापालथ झाली तरी विस्कटायला फारसं काही नसतं.

हीच उलथापालथ वस्तीच्या वेशीवर झाली तर परिणाम निराळा होतो. २०१५ मध्ये बर्लिनच्या श्टेफान मुंडलोस यांच्या गटाने हातांची व्यंगं असलेल्या काही घराण्यांचा अभ्यास केला. कुणाची बोटं आखूड, कुणाची जुळलेली, कुणाला जादा. सगळ्यांच्या क्रमांक दोनच्या गुणसूत्रावर एकाच परिसरात तुकडा गळालेला, उलटलेला किंवा दुपटीने आलेला होता. वेस मोडल्यामुळे एका जनुकाचे एन्हान्सर शेजारच्या वस्तीतल्या परक्या जनुकाला जाऊन भिडत होते आणि ते जनुक हाताच्या कोंबात अवेळी चालू होत होतं. उंदरांत तीच मोडतोड करून पाहिली, तर जनुकं तशीच चुकीच्या ठिकाणी चालू झाली. रक्ताच्या एका कर्करोगात क्रमांक तीनच्या गुणसूत्रावर असंच होतं. उलटलेला तुकडा एका उपयुक्त जनुकाचा एन्हान्सर पळवून घातक जनुकाशेजारी नेऊन ठेवतो, त्यामुळे पहिलं मंदावतं आणि दुसरं भडकतं.

हल्ली पुष्कळ ठिकाणी एक्झोम तपासणी करतात. ती मुख्यतः जनुकांतला कृतीचा मजकूर वाचते, म्हणजे डीएनएचे २ टक्क्यांहून कमी. तिचा रिपोर्ट नॉर्मल आला तर कृतीत चूक सापडली नाही एवढंच कळतं. दूरच्या एन्हान्सरमधला बदल किंवा मोडलेली वेस तिला बहुतेक वेळा दिसत नाही. बाळाचं व्यंग स्पष्ट आहे आणि एक्झोममध्ये काही निघालं नाही, अशा वेळी कॅरिओटाइप, मायक्रोअॅरे (गळालेले किंवा जादा तुकडे शोधणारी तपासणी) किंवा संपूर्ण जनुकसंचाचं वाचन यांपैकी काय करणं शहाणपणाचं, हे जनुकीय समुपदेशकाला विचारावं. आणि रिपोर्टमध्ये उलटलेला किंवा जागा बदललेला तुकडा निघालाच, तर पहिला प्रश्न हा असावा की धागा नेमका कुठे तुटला आहे आणि त्या तुटीच्या दोन्ही बाजूंना काय आहे.